जावळ झाल्यावर

बनुबाईच्या घरात दोनच गोष्टी तिला विचारल्याशिवाय होत नसत. एक उसाची तोड, आणि दुसरं म्हणजे बाकीचं सगळं. नवरा कृष्णात पहाटे शेताकडे जायचा तो दिवस मावळताना यायचा, आणि त्यातच त्याचं भलं होतं. मुलगा जयराज फौजेत. सून रेश्मा चुलीपाशी. नुकतीच वर्षाची झालेली नात सृष्टी मात्र आजीच्या कडेवर, आणि बनुबाईचे कान ओढायची मुभा घरात तिला एकटीलाच. कोरेगावाकडच्या त्या गावात वरल्या आळीतही बनुबाईचाच शब्द चाले. बाळाला पहिला घास कधी चारायचा, बाळंतिणीनं विहिरीवर कधी जायचं, "बनुआत्तीला इचारा" हे ठरलेलं. कुणी विचारलं नाही तरी ती सांगायचीच.

त्या बुधवारी सकाळी दहाला दहा कमी असताना रेश्माचा फोन वाजला. सांगलीहून तिचा भाऊ वीरधवल बोलत होता. तो तिथं हळदीच्या गोदामात कामाला. रविवारी तो बायकोला आणि तीन वर्षांच्या शिवतेजला घेऊन इथंच होता, कारण सृष्टीचं जावळ होतं, आणि मामाच्या मांडीवर बसवल्याशिवाय बाळाचे पहिले केस काढत नाहीत. रेश्माचे हात पिठात होते म्हणून जयराजनं फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला. रजेवर आलेला जयराज शनिवारपर्यंत घरी होता.

"दाजी, शिवतेजला गोवर झालाय," वीरधवलला धाप लागली होती. "काल पुरळ उठलं, आत्ता डॉक्टरनं बगितलं. त्याची लसच ऱ्हायली व्हती. कार्ड कवठे महांकाळला गावाकडं, आमी सांगलीत, आज देऊ उद्या देऊ करत... ते जाऊ द्या. डॉक्टर म्हनत्यात, जावळात त्याच्याजवळ जी बारकी पोरं व्हती, त्यातली बिनलसीची असतील त्यांना बहात्तर तासांच्या आत लस टोचा. म्हंजी गोवर टळू शकतो. त्याच्यापुढं भरवसा न्हाई. सृष्टीची झाली असंलच, तरी म्हटलं सांगावं."

"झालीया रं. आमची समदी येळच्या येळी हाय," जयराज म्हणाला, आणि सहज आईकडे वळला. "व्हय ना गं आई?"

बनुबाईनं नातीच्या चकोट डोक्यावरून हात फिरवला.

"आई?"

"ऱ्हायलीय," ती म्हणाली.

आता ती कशी राहिली ते सांगायला हवं, नाहीतर बनुबाई तुम्हाला अडाणी वाटेल, आणि अडाणी ती मुळीच नव्हती. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी तिनं स्वतः शेजारी उभं राहून टोचवून आणल्या होत्या. तिसऱ्या खेपेला पोरीची मांडी सुजली, दोन दिवस तापानं फणफणली, आणि ते बनुबाईच्या मनात घर करून बसलं. पुढची गोवराची सुई नऊ महिने पुरे झाल्यावर. आणि जावळ काढायचं ते विषम महिन्यात, म्हणून अकराव्यात धरलेलं. मध्ये जेमतेम महिना. "जावळाच्या तोंडावर लेकराला ताप आनायचा न्हाई. सुई जावळ झाल्यावर," असा हुकूम सुटला. आणि नेमकी जयराजची रजा रद्द झाली. बापाशिवाय जावळ कसं करायचं? अकरावा गेला. बारावा सम म्हणून गेला. आशाताई लीलाबाई या काळात तीनदा दारात आल्या आणि तीनदा बनुबाईनं त्यांना चहा पाजून परत धाडलं. पोरगा तिकडं बर्फात उभा, त्याच्या जिवाला घोर नको, म्हणून फोनवर मात्र "समदं येळेवर हाय" एवढंच सांगायचं. अखेर तेराव्यात जावळ झालं, तर म्हणाली, जयराजची रजा सरू दे, बाप घरी असताना पोरगी किरकिरी नको. ताप येईल म्हणून सुई पुढं ढकलली, आणि ढकलता ढकलता गोवर घरी येऊन जेवून गेला.

जयराज ओरडला नाही. ओरडला असता तर बनुबाईलाही ओरडता आलं असतं आणि बरं वाटलं असतं. तो नुसता बोटं मोजत होता.

"बाराला मामानं पयली बट कापली. सोमवारी बारा, मंगळवारी बारा, आज बारा. दोन तास हायत." त्यानं लीलाबाईला फोन लावला.

लीलाबाई पाच मिनिटांत आली. काखेत डायरी, पायात धुळीनं पांढरी झालेली चप्पल, शाळेत मुलांना जंताच्या गोळ्या द्यायचं काम अर्धं टाकून आलेली. "मी सांगत व्हते" असं एक अक्षर ती बोलली नाही, आणि बनुबाईला तेच जास्त लागलं. तिनं आठ किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात सिस्टरला फोन केला. बुधवार, म्हणजे लसीकरणाचाच वार होता, तेवढं नशीब. फोनवर हात ठेवून तिनं विचारलं, "सिस्टर म्हनत्यात, जावळाला आळीतली किती पोरं व्हती?"

"समदीच," बनुबाई म्हणाली. "मीच तर घरोघर सांगून आलते, पोरं घिऊन या म्हनून."

लीलाबाईनं डायरी उघडली. "मग सृष्टी धरून पाच. ह्या पाच जनांची गोवराची सुई ऱ्हायलीय."

"पाच? आपल्या आळीत? ती कशी काय ऱ्हायली?"

लीलाबाईनं डायरीचं पान उलटलं. मग तिनं डायरीकडे बघतच सांगितलं. "ज्या दारात जाईन तितं मला एकच ऐकवत्यात आत्ती. बनुआत्ती जावळ झाल्यावर देनार हायत, मग आमी बी जावळ झाल्यावरच."

बनुबाई मटकन जोत्यावर बसली. आळीत आपला शब्द चालतो याचा तिला आजवर केवढा तोरा होता! त्या शब्दानं पाच लेकरं उघड्यावर ठेवली होती. पण बसून राहणारी बाई ती नव्हे. सृष्टीला रेश्माच्या हातात दिलं, जयराजला वडापची जीप आणायला पिटाळलं, आणि पदर खोचून ती आळीत शिरली.

"गोवर आलाय," तिनं पहिल्या दारातनंच आवाज दिला. "माज्या घरातनं आलाय. रविवारी तुमी माज्याच घरी जेवला. पोरगं उचला, कार्ड घ्या, जीप येतीया. सुईचं मी सांगितलं ते चुकीचं व्हतं."

त्या शेवटच्या वाक्यानं बायका जास्त घाबरल्या. बनुआत्ती चुकली म्हणते म्हणजे मामला साधा नाही. एकीनं दुधाचं पातेलं तसंच चुलीवर टाकून पोरगं उचललं. दुसरीच्या नवऱ्यानं "पोरीला काय झालं तर बगा" म्हणून दम भरला, तो बनुबाईनं मुकाट्यानं ऐकून घेतला. पावणेअकराला जीपमध्ये चार पोरं होती, चार आया होत्या, लीलाबाई होती आणि पाचवं घर राहिलं होतं.

पाचवं घर हरणाबाईचं. बनुबाई आणि हरणाबाई एकाच वर्षी या आळीत नांदायला आलेल्या. तेव्हापासून दोघींची मैत्री अशी की भांडण झाल्याशिवाय भाकर गोड लागत नसे. हरणाबाईचा नातू साईराज अंगणात रांगत होता, डोळ्यांवर आलेली झुलपं मागं सारायचीही त्याला अक्कल नव्हती. सून दारात उभी, डोळे पाण्यानं भरलेले, मागं तिचा नवरा. कार्ड तिनं आधीच हातात धरलं होतं.

"न्हाई," हरणाबाई म्हणाली. "आमचं जावळ व्हायचंय अजून. पंदरा दिसांनी धरलंय. तवर सुई न्हाई."

"हरणे, रविवारी त्यो त्या पोराला चिकटून बसलाता. एका ताटात जेवली ती दोगं."

"मग? तूच सांगितलंस न्हवं, जावळ झाल्याबिगर सुई घ्यायची न्हाई? तुज्या नातीचं झालं. तू मोकळी. आता मला येगळं सांगतीस?"

"मला कळत न्हवतं गं तवा."

"आनि आता तासाभरात कळाय लागलं?"

जीपवाल्यानं हॉर्न दिला. रेश्मा जीपमधून ओरडली, "आत्ती, चला! त्यांचं त्या बगतील. अकरा वाजलं!" सासूवर आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ. रस्त्यावर हंगामाचे दिवस, कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या, आठ किलोमीटरला अर्धा तास धरायचा. बनुबाईला कळत होतं की इथं घालवलेलं एकेक मिनिट सृष्टीच्या वाट्याचं आहे. तिनं जीपकडं पाहिलं. मग साईराजकडं पाहिलं. जीपमध्ये चढायला पाय उचलेना, कारण हरणाबाईच्या तोंडून बोलत होती ती बनुबाईच होती. आपलाच हट्ट समोर उभा राहिला की किती आडमुठा दिसतो, हे तिला आज दिसलं.

समजावून ही हलणार नाही. मी तरी कुठं हलले असते?

"हरणे," ती म्हणाली, "ह्याला कितवा चालू हाय?"

"अकरावा."

"विषम. तुजी सून जयराजला राखी बांधती का न्हाई?"

"बांधती की. पाच वर्सं झाली."

"मग त्यो मामाच झाला. जयराज, उतर खाली. हरणे, कातर आन."

"आगं, असं कुटं जावळ असतंय व्हय? ना देव, ना पावनं, ना बकरं..."

"देवाचं काय आसंल ते माज्या माथी. बकरं माज्या दावनीचं घे, दोन घे. विषम म्हैना हाय, मामा हाय, बाप दारात उभा हाय. माज्या सांगन्यात आनि काय व्हतं? सांग, काय ऱ्हायलं?"

नियम बनुबाईचे, पुरे करणारी बनुबाई, आता नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. हरणाबाई आत गेली आणि कातर घेऊन आली.

जयराज उंबऱ्यावर मांडी घालून बसला. साईराजला मांडीवर घेताच पोरानं असा काही सूर लावला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. कपाळाला कुंकू लागलं. जयराजनं पहिली बट कापली, साईराजच्या आईनं ती पदरात झेलली. बनुबाईनं दुसरी, तिसरी कापली आणि कातर टाकून दिली. एका बाजूला भादरलेलं, दुसऱ्या बाजूला रान, असं ते डोकं घेऊन साईराज जीपमध्ये चढला तेव्हा अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. कुणी हसलं नाही.

फाट्याच्या पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रस्ता अडवून चालला होता. वर गाणी लावलेली, जीपचा हॉर्न त्याला ऐकूच येत नव्हता. पोरं रडत होती, आया त्यांना थोपटत होत्या आणि थोपटता थोपटता घड्याळ बघत होत्या. बनुबाई नातीचा पाय मुठीत धरून बसली होती. तिला म्हसोबा आठवत होता, पण नवस बोलायचं धाडस होत नव्हतं. देवाच्या नावावरच तर एवढं सगळं केलं होतं. शेवटी जयराज चालत्या जीपमधून उतरला, पळत पुढं गेला आणि ट्रॅक्टरवाल्याच्या खांद्याला हात घालून त्यानं ट्रॅक्टर बाजूला घ्यायला लावला.

अकरा चाळीसला ते आरोग्य केंद्रात पोचले. सिस्टर वाटच बघत होत्या. शीतपेटीतली कुपी निघाली, एकेक दंड पुढं आला, एकेक किंकाळी उठली. सगळ्यांना चमच्यानं अ जीवनसत्त्वाचं औषध पाजलं. पाचवा साईराज. त्याचं डोकं बघून सिस्टरांनी भुवया उंचावल्या, पण विचारलं काहीच नाही. भिंतीवरच्या घड्याळात बाराला आठ मिनिटं कमी होती.

बनुबाईनं भिंतीला पाठ टेकली. तिला एकदम हसू आलं. गाठलं! चूक केली होती, पण ती निस्तरली होती, आणि तीही आठ मिनिटं राखून.

सिस्टर रजिस्टर भरत होत्या. "ही चौघं त्या मुलाला रविवारीच भेटली ना? बारानंतर?"

"व्हय," लीलाबाई म्हणाली.

"आणि सृष्टी? पाहुणे तुमच्या घरी कधी आले होते?"

रेश्मा म्हणाली, "शनवारी. दिवस मावळायच्या वक्ताला."

"रात्री मुलं कुठं झोपली होती?"

"एका वाकळंत," बनुबाई म्हणाली. तिनंच दोघांना शेजारी शेजारी झोपवलं होतं. भाऊ-बहीण म्हणून कौतुकानं.

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज मऊ होता, पण आकडा काही मऊ होणार नव्हता. "म्हणजे सृष्टीचे बहात्तर तास काल संध्याकाळीच संपले, आजी. आज तुम्ही उशीर केला नाहीत. लस दिली हे चांगलंच झालं, ती द्यायचीच होती. पण या खेपेला ती गोवर अडवेल याची खात्री मी देऊ शकत नाही. दोन-तीन आठवडे रोज बघायचं. खोकला, लाल डोळे, चढता ताप. लसीनंही एखादा दिवस ताप येतो, त्याला घाबरू नका, पण काहीही वाटलं तरी घरी बसू नका."

बाकीच्या चार आया बनुबाईकडं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, कीव होती, आणि कीव बनुबाईला कधी सोसली नव्हती.

शनिवारी जयराज ड्यूटीवर गेला. निघताना नेहमीसारखा आईच्या पाया पडला. "रोज फोन कर, जे आसंल ते खरं सांग," हे मात्र तो रेश्माला म्हणाला. बनुबाई शेजारीच उभी होती.

मग दिवस मोजणं सुरू झालं. बनुबाई सकाळ-संध्याकाळ सृष्टीचे डोळे उघडून बघायची, कानामागं बघायची, कपाळाला हात लावायची, आणि आपलाच हात गरम असेल म्हणून पाण्यात बुडवून पुन्हा लावायची. पुढचा आठवडा कोरडा गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारी पोरीला ताप भरला. बनुबाई एक शब्द न बोलता चपला घालून दारात उभी राहिली. केंद्रात औषध दिलं आणि लक्ष ठेवा म्हणाले. शुक्रवारी कानामागं लाल ठिपके उठले, शनिवारी ते छातीवर आले, आणि रविवारी सृष्टीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढायला लागल्या. त्याच दुपारी तिला साताऱ्याच्या दवाखान्यात दाखल केलं. गोवर छातीत उतरला होता. एवढ्याशा नाकाला ऑक्सिजनची नळी लागली.

तीन दिवस बनुबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होती. आत एकालाच सोडत, आणि आत आई होती. जयराजचा फोन रेश्माच्या मोबाइलवर यायचा. रेश्मा बाहेर येऊन त्याला श्वास किती, ताप किती, सगळं सांगायची. बनुबाई ऐकत राहायची. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, नळी काढतोय, धोका टळला. बनुबाईनं पदर तोंडात धरला आणि ती हमसून हमसून रडली, भर दवाखान्यात, लोकांसमोर.

दुपारी हरणाबाई एसटीनं आली, डबा घेऊन. बाकावर टेकली, आणि एकदम खाली वाकून तिनं बनुबाईच्या पायाला हात लावला.

"आगं, काय करतीस?"

"तीन आठवडं हून गेलं सायराजला. एक ठिपका न्हाई. आळीतल्या एकाला बी न्हाई," हरणाबाई म्हणाली. "तू दारात अडून बसली नसतीस, तर मी काय त्याला सोडला नसता. लय उपकार झालं तुजं."

बनुबाईनं पाय आखडून घेतले. "उपकार नगं म्हनू हरणे. मीच आडवलं व्हतं समद्यांना. मला शिव्या दे, त्या मला पचतील."

हरणाबाईनं शिव्या दिल्या नाहीत. डबा ठेवून ती गेली. थोड्या वेळानं रेश्मा बाहेर आली. चार दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं होतं. बनुबाईनं डबा उघडून तिच्या पुढं सरकवला. मग जे चार दिवस बोलायचं राहिलं होतं ते बोलली.

"रेश्मा, माज्यामुळं झालं गं पोरी हे. तू मला बोल. काय बोलायचं त्ये बोल."

रेश्मानं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"तुमाला बोलून काय करू, आत्ती? लीलाताई तीनदा दारात आल्या. तिन्ही येळला मी चुलीपाशी व्हते, मला समदं ऐकाय येत व्हतं. वाटत व्हतं, उठावं, म्हनावं, न्हाई, माज्या पोरीला आजच टोचा. एकदा बी उठले न्हाई." तिचे डोळे कोरडे होते. "मी तिची आई हाय. मी का गप बसले?"

याचं उत्तर बनुबाईला ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हा ही पोर चुरुचुरु बोलायची. चार माणसांत सुनेनं मधे बोलू नये, हे पहिल्या महिन्यातच बनुबाईनं तिला सांगितलं होतं, एकदा गोड बोलून, एकदा डोळे वटारून. पोरगी शहाणी, लगेच शिकली. "कशी गरीब गाय सून मिळाली" म्हणून बनुबाई आळीत मिरवायची. आता तीच सून स्वतःला दोष देत समोर बसली होती, आणि बनुबाईला तिच्याकडं बघवेना.

"तुला मी गप केलं," ती म्हणाली.

रेश्मानं मान वर केली नाही. आतून सृष्टीच्या रडण्याचा आवाज आला, बारीक पण दमदार, आणि ती भाकरी तशीच टाकून आत पळाली.